मातृभाषेचा रकाना

जून महिना आला की शाळेत प्रवेशाचे अर्ज भरले जातात. मुलाचे नाव, जन्मतारीख, पत्ता, वडिलांचा व्यवसाय हे रकाने पालक भराभर लिहितात. पेन अडते ते एकाच ठिकाणी, मातृभाषेच्या रकान्यात. आमच्या शाळेत शिवडी क्रॉस रोडवरून, झकेरिया बंदर रोडवरून, नाक्यामागच्या चाळींतून आणि बंदराच्या बाजूच्या वस्त्यांतून मुले येतात. कुणाचे घराणे म्हसळा-श्रीवर्धनचे, कुणाचे आझमगढचे, कुणाचे बीडचे, कुणाचे गुलबर्ग्याकडचे. पालक विचारतात, "टीचर, इथे काय लिहायचं?" आम्ही विचारतो, "घरी काय बोलता?" उत्तर येते, "घरी काय, सगळंच बोलतो." मग क्षणभर थांबून, "उर्दूच लिहा ना. मुसलमान आहोत."

मागे रांग उभी असते, म्हणून तिथे वाद घालता येत नाही. पण हे शेवटचे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले आहे. उर्दू आमची रोजीरोटी आहे आणि तिच्यावर आमचे मनापासून प्रेम आहे. आम्ही तीच शिकलो, तिच्यातच शिकवतो, आणि तासिका बदलली की मराठीही शिकवतो. प्रश्न उर्दूचा नाहीच. प्रश्न त्या ‘म्हणून’चा आहे. मुसलमान आहोत म्हणून उर्दू, हा हिशेब कुठून आला?

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. मुलांची दादी श्रीवर्धनकडची. त्या कोकणी बोलतात, म्हणजे कोकणातल्या मुसलमानांची ती बोली, जी ऐकली की रायगडचा कुणीही मराठी माणूस गावचे कोण हे विचारतो. ‘मला’ला त्या ‘मना’ म्हणतात, ‘पाणी’चे ‘पानी’ करतात, आणि मध्येच आफियत, बरकत, नसीब असे शब्द सहज पेरतात. नातवंडांना त्यातले निम्मे कळते. ती मुंबईच्या हिंदीत उत्तर देतात, "दादी, फिरसे बोलो ना." दोनदा-तीनदा सांगावे लागले की माणूस कंटाळतो. गेल्या काही वर्षांत दादींचे बोलणे हळूहळू कमी झाले. तब्येत ठणठणीत आहे, ऐकू चांगले येते, पण भरल्या घरात त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारे कुणी उरलेले नाही.

अशा मनःस्थितीत फेब्रुवारी आला. 21 फेब्रुवारी हा युनेस्कोने 1999 मध्ये जाहीर केलेला मातृभाषा दिन, आणि 27 फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी साजरा होणारा मराठी भाषा गौरव दिन. दोन्ही दिवसांना जोडून आठवीच्या मुलांसाठी एक उपक्रम ठेवला. जगातल्या भाषांच्या चिठ्ठ्या करायच्या, प्रत्येकाने एक उचलायची आणि त्या भाषेविषयी माहिती जमवायची. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघी मुलींना चिठ्ठ्या आल्या त्या बर्मी आणि हौसा. दोघी हिरमुसल्या. एकीला वाटले बर्मी म्हणजे चिनीच असणार, दुसरीने हौसा हे नावच कधी ऐकले नव्हते. शाळा सुटल्यावर दोन आठवडे आम्ही त्यांच्याबरोबर बसलो. ग्रंथालयातली पुस्तके उघडली, मोबाईलवर दोन्ही भाषांतले बोलणे ऐकले. त्या तक्त्यात जे उतरले, त्याने आमच्या मनातल्या गुंत्याला वाट मिळाली, म्हणून ते येथे मांडत आहोत.

आधी नातेगोते पाहू. बर्मी ही म्यानमारची भाषा. तिचे गोत्र तिबेटीशी जुळते. हौसा ही उत्तर नायजेरिया आणि नायजर देशातली कोट्यवधी लोकांची भाषा. तिचे फार लांबचे नाते अरबीशी लागते, इतके लांबचे की सातव्या पिढीतला भाऊबंद म्हणावा. बर्मी आणि हौसा यांचा मात्र एकमेकींशी काहीही संबंध नाही. मुलींनी तक्त्याच्या खाली मराठी आणि उर्दूचा रकाना जोडला, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की या दोघी एकाच घराण्यातल्या आहेत. दोघींची क्रियापदे, सर्वनामे, आकडे एकाच मुळातून आले आहेत. म्हणजे ज्या दोन भाषांना आपण दोन धर्मांत वाटून टाकतो, त्या बहिणी निघाल्या.

लिपीचे गणित याच्या अगदी उलटे आहे. बर्मी अक्षरे वाटोळी, जिलेबीसारखी दिसतात. ताडपत्रावर सरळ रेघ ओढली तर पान फाटते, म्हणून ती गोल झाली असे सांगतात. पण क्रम पाहिला तर क, ख, ग, घ, ङ! आपल्या अंकलिपीतलाच. ब्राह्मी लिपीचे वंशज भारतातून समुद्रापार गेले, त्यातलीच ही एक शाखा. हौसा मात्र शतकानुशतके अरबी अक्षरांत लिहिली गेली. त्या लिहिण्याला ‘अजमी’ म्हणतात. अजम म्हणजे अरब नसलेले, हा शब्द उर्दू वाचणाऱ्यांना नवा नाही. पुढे इंग्रजांच्या राज्यात रोमन अक्षरे आली, त्यांना ‘बोको’ म्हणतात, आणि आज वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तके त्यातच निघतात. म्हणजे लिपीने पाहिले तर बर्मी मराठीच्या शेजारी बसते आणि हौसा उर्दूच्या. आणि गोत्राने पाहिले तर दोघीही परक्या. लिपी हा अंगावरचा कपडा आहे, रक्त नव्हे, हे आठवीच्या मुलींना एका तक्त्यात समजले.

आम्हा शिक्षकांना सर्वांत जास्त आनंद झाला तो शाळेचे शब्द पाहून. बर्मीत शिक्षकाला ‘सया’ म्हणतात आणि शिक्षिकेला ‘सयामा’. त्याचे मूळ पालीतल्या आचरिय या शब्दात, म्हणजे आपल्या आचार्यात आहे. हौसात शिक्षकाला ‘मालम’ म्हणतात. तो आपला मुअल्लिम. बर्मीत शाळेला ‘चाउं’ म्हणतात आणि बौद्ध मठालाही ‘चाउं’च, कारण पूर्वी मुले मठातच शिकत. हौसात शाळा म्हणजे ‘मकरांता’, वाचण्याची जागा. त्यातले ‘वाचणे’ अरबीतून आले आहे, किराअत आणि कुरआन या शब्दांच्या मुळातून. एका मुलीने लगेच फळ्यावर लिहिले: मकतब, मदरसा, मस्जिद, मकरांता. चारही ‘म’ने सुरू होणाऱ्या जागा. आम्ही तिला शाबासकी दिली.

मग उसन्या शब्दांची यादी सुरू झाली. सहारा ओलांडून काफिले येत, मीठ-कापड येई, त्यांच्याबरोबर अरबी शब्दही हौसात आले. किताबचे ‘लित्ताफी’ झाले, हिसाबचे ‘लिस्साफी’, अखबारचे ‘लाबारी’ म्हणजे बातमी किंवा गोष्ट, आफियतचे ‘लाफिया’. दोन माणसे भेटली की विचारतात, "लाफिया?" दुनियेला ते ‘दुनिया’च म्हणतात, वकिलाला ‘वकीली’ आणि हक्काला ‘हक्की’. कांद्याला म्हणतात ‘अलबासा’, अरबीतला बसल. मुलींनी समोर मराठीचा रकाना भरला: हिशेब, खबर, दुनिया, वकील, हक्क. एकीने विचारले, "टीचर, मग हे मराठी शब्द आहेत की आपले?"

या प्रश्नासाठीच तो उपक्रम झाला असे आम्हाला वाटते. ‘मराठी की आपले’ या प्रश्नात ‘आपले’ कोण आणि मराठी कुणाची, हे तेरा वर्षांच्या मुलीने आधीच ठरवून टाकले होते. आम्ही तिला सांगितले, दोन्ही एकच. तारीख, मजकूर, इमारत, कायदा, तालुका, जिल्हा हे शब्द मराठीत इतके मुरले आहेत की त्यांच्यावाचून एक सरकारी कागद लिहिता येत नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, तो कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. म्हणजे तेव्हा हे शब्द किती रुळलेले होते पाहा. आणि तो कोश होऊनही हिशेब हिशेबच राहिला, वकील वकीलच राहिला. कवी माधव जूलियन यांनी 1925 मध्ये फारशी-मराठी कोश प्रसिद्ध केला, तो या देवघेवीचा मोठाच पुरावा. बर्मीने असेच पालीकडून घेतले आहे. दुःख, सुख, मैत्री हे शब्द तिच्यात उच्चार बदलून नांदतात. उसने घेतल्याने बर्मी भारतीय झाली नाही, हौसा अरबी झाली नाही. तशी मराठी काही कमी मराठी झाली नाही.

व्याकरणाकडे वळलो तेव्हा वर्गात हशा पिकला. आमची मुले मराठीच्या पेपरात ‘माझा घर’ आणि ‘पाणी आला’ लिहितात आणि गुण गमावतात. कारण उर्दूत घर आणि पानी दोन्ही पुल्लिंगी, मराठीत दोन्ही नपुंसकलिंगी. उर्दूत चाय स्त्रीलिंगी, मराठीत चहा पुल्लिंगी. हौसात उर्दूसारखी दोनच लिंगे आहेत, आणि गंमत म्हणजे घर (‘गिडा’) आणि पाणी (‘रुवा’) तिथेही पुल्लिंगी. बर्मीत नामाला लिंगच नाही. बर्मी मूल विचारेल, पाण्याला बाई-पुरुष कशाला हवे? पण तिथे दुसरीच अडचण आहे. बर्मीत पुरुष स्वतःला ‘चनॉ’ म्हणतो आणि स्त्री ‘चमा’. म्हणजे ‘मी’ म्हणताच बोलणारा कोण ते कळते. हौसात ‘मी’ सगळ्यांचा सारखा, पण समोर पुरुष असेल तर ‘काई’ आणि स्त्री असेल तर ‘के’. म्हणजे ऐकणारा कोण ते कळते. मराठीत मी करतो, मी करते, इथे क्रियापद चुगली करते. फक्त ‘आम्ही करतो’ म्हटले की सगळे झाकले जाते. आणि मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, समोरच्याला वगळणारा आणि समोरच्याला सामावून घेणारा. उर्दूत दोन्हींना ‘हम’. हा फरक मुलांना शिकवताना आम्ही नेहमी सांगतो की जपून वापरा, एका शब्दाने माणूस दाराबाहेर राहतो.

वाक्याची रचना पाहिली तर बर्मी आपल्याजवळची वाटते. ‘चनॉ चाउं को थ्वा दे’, मी शाळेला जातो. कर्ता आधी, क्रियापद शेवटी, आणि शाळेला जोडलेला प्रत्यय ‘को’, थेट उर्दूतल्या ‘को’सारखा. मुली ओरडल्या, "टीचर, उर्दू!" नाही, हा निव्वळ योगायोग. दोन अनोळखी माणसांचे नाक सारखे असावे तसा. हौसात क्रियापद मध्ये येते: ‘ना ताफी मकरांता’, मी गेलो शाळेत.

आणखी एक नवल म्हणजे सूर. दोन्ही भाषांत आवाजाच्या चढउताराने अर्थ बदलतो. बर्मीत ‘खा’ एका सुरात म्हटले तर हलवणे, दुसऱ्या सुरात म्हटले तर कडू. हौसात ‘कूका’ एका सुरात रडणे, दुसऱ्या सुरात गोरखचिंचेचे झाड. हे झाड आपल्याकडे वसईत आणि मुंबईतही दिसते. हौसा लोक त्याच्या पानांची भुकटी कालवणात घालतात. बर्मी लिपीत हे सूर लिहून दाखवायची सोय आहे. हौसाच्या अजमीतही नाही आणि रोजच्या रोमन लिखाणातही नाही. वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे, जसे आपण उर्दू वाचताना जेर-जबर नसतानाही ओळखतो.

आता तो शब्द सांगतो, ज्याने आम्हाला थांबवले. बर्मीत भाषेला ‘बाथा’ म्हणतात. पालीतला भासा, आपली भाषा. आणि धर्मालाही ‘बाथा’च म्हणतात. एकच शब्द. तुमची भाषा कोणती आणि तुमचा धर्म कोणता, या दोन्ही प्रश्नांत तोच येतो. अर्ज भरताना आमचे पालक जो हिशेब करतात, तो बर्मीने जणू कोशातच नोंदवून ठेवला आहे. पण खुद्द म्यानमारमध्ये तरी तसे आहे काय? तिथे पिढ्यान्पिढ्या बर्मीच मातृभाषा असलेले मुसलमान आहेत. हौसा बोलणाऱ्यांत बहुसंख्य मुसलमान आहेत हे खरे, पण हौसा बोलणारे ख्रिस्तीही आहेत. शब्द एक असला तरी माणसे दोन डब्यांत बसत नाहीत. आपल्या मराठीत आणि उर्दूत तर भाषा आणि धर्म हे शब्दही वेगळे आहेत. मग आपण ते एक का करतो?

इतिहासाने याचा दाखला आपल्या कोकणातच ठेवला आहे. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी बहादूरशाह जफर यांना रंगूनला नेले. उर्दूचा तो शायर बादशहा 1862 मध्ये बर्मी बोलणाऱ्यांच्या शहरात वारला. त्यानंतर 1885 मध्ये ब्रह्मदेशचा राजा थिबा पदच्युत झाला आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीला आणले. 1916 मध्ये तो तिथेच वारला. त्याच्यासाठी बांधलेला थिबा राजवाडा आजही रत्नागिरीत उभा आहे. त्याच्या थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू रत्नागिरीत वाढली, तिथेच तिने संसार केला आणि ती बोलत असे मराठी. राजाची नात, पण तिची भाषा ठरवली ती तिच्या अंगणाने. आमच्या घरातही जुन्या पिढीतले कुणी बोटीवर खलाशी होते आणि रंगूनपर्यंत जाऊन आले, असे दादी सांगतात. त्यांनी तिथून काय शब्द आणले असतील, हे विचारायला आता कुणी नाही.

हौसाच्या इतिहासातली एक बाई मात्र आपल्या घराघरात माहीत व्हायला हवी. नाना अस्माऊ, 1793 ते 1864. सोकोटोचे उस्मान दान फोदियो यांची ही मुलगी. आलिमा, शायरा, शिक्षिका. तिच्या घराची भाषा फुलानी लोकांची होती, दीनी इल्माची भाषा अरबी होती आणि दोन्हींत ती लिहीत असे. पण भोवतालच्या सामान्य बायकांना शिकवायचे तेव्हा तिने हौसात पद्ये रचली, पाठ व्हायला सोपी. शिकलेल्या बायकांना तयार करून तिने त्यांना खेड्यापाड्यांत पाठवले. त्या घरोघरी जाऊन बायकांना शिकवत. समोरच्या बाईला जी भाषा कळते ती कमी प्रतीची, असे तिने मानले नाही. कुरआनात सूरह इब्राहीममध्ये सांगितले आहे की प्रत्येक पैगंबर आपल्या कौमच्या भाषेतच पाठवले गेले, आणि सूरह रूममध्ये माणसांच्या भाषांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी म्हटली आहे. निशाणीतली एक भाषा पाक आणि दुसरी दुय्यम, असे कुठे आहे?

मग रकान्यात काय लिहायचे? जनगणनेत मातृभाषेची व्याख्या साधी आहे. लहानपणी आईने मुलाशी जी भाषा बोलली ती मातृभाषा. त्यात धर्माचा उल्लेख नाही, लिपीचा नाही, शाळेच्या माध्यमाचा नाही. त्याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषाही विचारतात. म्हणजे कोकणी लिहून उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता येतात, कुणालाही घराबाहेर काढावे लागत नाही. ज्या घरात आई खरोखर उर्दू बोलते तिथे उर्दूच लिहावी आणि अभिमानाने लिहावी. जिथे आई दखनी बोलते तिथे दखनी, जिथे मराठी तिथे मराठी. उर्दू माध्यमात मुलाला घालायचे असेल तर जरूर घालावे, त्यासाठी मातृभाषा बदलायची गरज नाही. मात्र खरी भाषा लिहिली नाही की ती मोजली जात नाही, आणि जी मोजली जात नाही ती असून नसल्यासारखी होते.

त्या दोघींचा तक्ता झाल्यावर आमच्या घरात एक वही सुरू झाली. मधली मुलगी रोज रात्री दादींकडून पाच शब्द लिहून घेते. एका बाजूला कोकणी, मग मराठी, मग उर्दू. माशांची नावे, भांड्यांची नावे, पावसाचे प्रकार, नात्यांचे शब्द. पहिल्या आठवड्यात दादी म्हणाल्या, "हे कशाला लिवतंस, कोन वाचनार?" आता त्या स्वतःहून हाक मारतात, एखादा शब्द अचानक आठवला की स्वयंपाक थांबवतात. घरात आवाज वाढला आहे, अल्हम्दुलिल्लाह. नातू अजून हिंदीतच उत्तर देतो, पण "फिरसे बोलो" म्हणायच्या आधी वहीत पाहतो.

वाचक बंधू-भगिनींना आमची एवढीच विनंती आहे. आपल्या घरात नानी, दादी, खाला, फुप्पी कुणी असेल आणि त्यांची बोली नातवंडांना कळत नसेल, तर एक वही घ्या. सणाला, लग्नाला, गावी जाल तेव्हा विचारा. कोकणी असो, दखनी असो, खानदेशी असो, जसे ऐकाल तसे देवनागरीत लिहा, शुद्धलेखनाची काळजी करू नका. मुलांकडून लिहून घ्या, म्हणजे दोघांची गाठ पडेल. आणि जमले तर त्यातले दहा शब्द या मासिकाकडे पाठवा. पुढच्या वर्षी आठवीचा वर्ग पुन्हा चिठ्ठ्या उचलेल, तेव्हा त्यात श्रीवर्धनची, बीडची आणि गुलबर्ग्याची चिठ्ठीही आम्ही टाकणार आहोत.